चौकीवरचे अकरा दिवस

धक्क्याजवळची टपाल कचेरी
९ एप्रिल

ती. दादास,

नुसता नमस्कार. साष्टांग घालण्याइतकी श्रद्धा आज माझ्यात उरलेली नाही, म्हणून तो शब्द मी गाळला आहे. तू आपल्या पदरचा घालू नकोस.

आज सकाळी उद्यानाच्या चौकशी अधिकाऱ्याने मला बोलावून घेतलं. टेबलावर तुझं साप्ताहिक पसरलेलं होतं. अख्खं पान. वर मथळा ‘चौकीवरचे अकरा दिवस’, आणि खाली बारीक अक्षरात ‘एकट्या भटक्या बाईची पत्रे, भाग चौथा’. भाग चौथा, दादा. म्हणजे आधीचे तीन छापून, वाचून, रद्दीत जाऊन झाले आणि मला पत्ता नाही. सात वर्षं मी एकटी ही राखीव रानं, वाळूची मैदानं, बर्फाची पठारं तुडवते आहे. जिथे टपालपेटी दिसेल तिथून घरी पत्र टाकते. घरी म्हणजे आई, वहिनी आणि तू. साप्ताहिकाने मला बातमीदार कधी नेमलं ते कळलं असतं तर बरं झालं असतं.

पण तळपायाची आग मस्तकात गेली ती यासाठी नाही. मी तुला लिहिलं होतं की एका फाट्याच्या आत, एका झाडापलीकडे एक बेट आहे आणि बेटावर घरटं आहे. एवढंच. मुद्दाम एवढंच. तू छापलंस की मुख्य धक्क्यापासून होडीने तीन तास, दुभंगलेल्या वाळक्या झाडापासून डावीकडचा फाटा, पुढे चौकी, आणि चौकीच्या बरोबर समोरचं बेट. हे तुला कोणी सांगितलं? मी तर नाही सांगितलं. मुद्रितशोधकाचं काम चुका काढायचं असतं अशी माझी समजूत होती, लोकांच्या पोटातलं काढायचं नव्हे.

आता पुढचं ऐक. अंक निघाल्यापासून पंधरा दिवसांत चाळीस होड्या बंदी मोडून, चोरून त्या फाट्यात शिरल्या. एकेका होडीत सहा-सहा माणसं आणि प्रत्येकाच्या गळ्यात कॅमेरा. या सगळ्या पाणथळीत राखी करकोच्यांची अंडी घालणारी ही एकच जोडी. तिसऱ्या दिवशी ती उठून गेली ती परत आली नाही. अंडी थंड पडली. दोन होती.

आणि चौकीवाला. अंडी उबवण्याच्या चार महिन्यांत त्या भागात परक्या माणसाने पाऊल ठेवायचं नाही असा नियम आहे. त्याने मला अकरा दिवस ठेवून घेतलं आणि वहीत नोंद केली नाही, हे तुझ्या लेखावरून वरपर्यंत कळलं. त्याला निलंबित केलं आहे. २९ तारखेला शेवटची सुनावणी. नोकरी गेली तर महिनाअखेर सरकारी खोली सोडायची. बायको आणि दोन मुली आहेत. एकोणीस वर्षं त्या पाण्यावर काढलेला माणूस, चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही.

तू एक काम कर. अधिकाऱ्याला ताबडतोब लिही की अकरा दिवसांचा सगळा मजकूर तू मनाने रचलास. त्याने मला का ठेवून घेतलं, याच्याशी तुला कर्तव्य नाही.

लोभ आहे तेवढा पुरे, वाढवू नये.

भिंगरी

०

घर
१५ एप्रिल

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. तू मागितले नाहीस तरी मोठ्या भावाला ते द्यावे लागतात.

इकडे सर्व ठीक. आई मजेत आहे. तुझी वहिनी स्वयंपाकघरात भांडी आपटते आहे, कारण तुझं पत्र तिने माझ्याआधी फोडलं.

पत्रं मी छापली, हो. गेल्या वर्षी सहज संपादकांना एक वाचून दाखवलं. त्यांनी मागून घेतलं. लोकांना आवडलं. एक सेवानिवृत्त परिचारिका दर आठवड्याला विचारायला येते की त्या बाईंचं पुढचं कधी. मला वाटलं, सात वर्षं कुठे कुठे एकटी हिंडणाऱ्या माझ्या बहिणीचं चार लोकांनी कौतुक केलं तर त्यात वाईट काय. तुला विचारायचं तर कुठल्या पत्त्यावर? तू फोन घरी टाकून गेलीस, तो इथे खणात पडला आहे. तुझा पत्ता नेहमी मागच्या मुक्कामाचा असतो. करायला गेलो कौतुक आणि झालं हे.

राहिलं अंतराचं. तू ज्या कार्यालयात बावीस वर्षं नकाशे काढलेस, तिथले तुझे जुने तक्ते माळ्यावर आहेत. त्यात त्या पाणथळीचा तक्ता सापडला, दुभंगलेल्या झाडाची आणि चौकीची खूण असलेला. खाली कोपऱ्यात तुझीच सही आहे. मी त्यावर दोरा ठेवून फाट्याच्या वळणांसकट अंतर मोजलं. तू आधीच्या एका पत्रात होडीचा वेग लिहिला होतास, त्यावरून तास काढले. वाचकाच्या हातात ‘एक फाटा, एक झाड’ असा ढिसाळ मजकूर द्यायची मला सवय नाही. तीन तासांचं दोन तास पन्नास मिनिटं निघालं असेल, तेवढीच काय ती चूक. तुला गाळायचं होतं तर तसं कळवायचं होतंस.

आता तुझ्या मागणीबद्दल. खोटं लिहून देणार नाही. तुझ्या हातचं पत्र माझ्याकडे आहे. त्यात साफ लिहिलं आहे की चौकीवाल्याने आग्रह करून ठेवून घेतलं, कॉटवर पडल्या पडल्या घरटं दिसतं, तब्येत ठणठणीत. अकरा दिवसांनी निघाले, हे पाठच्या कार्डात आहे. म्हणजे एका धडधाकट बाईने मौजेखातर बंद भागात अकरा दिवस मुक्काम ठोकला आणि एका सरकारी माणसाने नियम मोडून तिची सरबराई केली. तो भला असेल, नाही म्हणत नाही. पण नियम मोडला तो तुम्ही दोघांनी. मी फक्त छापलं. माझ्याकडे बोट दाखवताना उरलेली बोटं कुणाकडे वळतात ते पाहा.

करकोच्यांचं ऐकून वाईट वाटलं, खरंच वाटलं.

तुझा,
दादा

०

धक्का
२० एप्रिल

दादास,

आज नमस्कारही नाही.

मौजेखातर. हा शब्द तू लिहिलास. तर आता ऐक.

फेब्रुवारीच्या शेवटी मी बाहेरच्या वाटेने होडीतून एकटी चालले होते. बंद भागाच्या कडेकडेने, नियमाने. दुसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप भरला. तिसऱ्या दिवशी मला वल्हं धरता येईना. होडी गवतात जाऊन अडकली आणि मी तिच्या तळाशी पडून राहिले, किती वेळ ते माहीत नाही. चौकीवाल्याने गस्त घालताना पाहिलं. मुख्य धक्क्याला न्यायचं तर बाहेरच्या वाटेने भर उन्हात दोन दिवस. बंद भागातून काढायचं तर आधी परवानगी, आणि त्याचा बिनतारी संच महिनाभर नादुरुस्त. त्याची चौकी तिथून अर्ध्या तासावर होती. त्याने मला खांद्यावर टाकून नेलं. स्वतःची कॉट दिली आणि आपण अकरा दिवस होडीत झोपला. पेटीतल्या तापाच्या गोळ्या संपल्या तेव्हा तासाभरावरच्या सरकारी खोलीवर जाऊन बायकोकडून आणल्या. ती रोज येऊन माझं अंग पुसायची, मला बोळ्याने पाणी पाजायची. ते पत्रही तिनेच टपालात टाकलं. नोंद केली असती तर वरून हुकूम आला असता की बाईला आत्ताच्या आत्ता बाहेर काढा. मला तेव्हा बसताही येत नव्हतं. म्हणून त्याने नोंद केली नाही.

मी हे सगळं अधिकाऱ्याला सांगितलं. त्याने शांतपणे लेखातल्या त्या ओळीवर बोट ठेवलं. तब्येत ठणठणीत. तो म्हणाला की बाई, ज्या दिवसांत तुम्ही मरायला टेकला होतात म्हणता, त्याच दिवसांत तुम्ही घरी हे लिहिलंत.

आता विचारशील की तू खोटं का लिहिलंस. विचार ना. तीन वर्षांपूर्वी डोंगरावरच्या उद्यानात माझा पाय मुरगळला आणि मी मूर्खासारखी ते पत्रात लिहून बसले. तू तीन कचेऱ्यांत फोन केलेस. चार रक्षक डोली घेऊन वर आले आणि चालत्या बाईला बांधून खाली आणलं. आईने दोन दिवस अन्न टाकलं म्हणून तूच लिहिलंस, वर शेरा मारलास की वयाला शोभेल असं वागावं. त्या दिवशी मी ठरवलं की या घरात तब्येतीबद्दल एकच शब्द लिहायचा, ठणठणीत. तो मी तेव्हापासून लिहिते. डोकं ठिकाणावर नव्हतं तरी हात तेवढा लिहून मोकळा झाला.

ती ओळ तू घातलीस असं अधिकाऱ्याला लिही. म्हण, आईच्या काळजीपोटी मी माझ्या पदरची घातली. तू दुसऱ्याच्या पत्रात होडीचे तास घालतोस, वळणं घालतोस, तुला एक ओळ जड नाही. एका घरात चूल पेटती राहायचा प्रश्न आहे. मी सध्या चौकीवाल्याच्या बायकोला सामान बांधू लागते आहे. ती माझ्याशी बोलत नाही, पण दोरी धरायला सांगते.

स्वतः मात्र इकडे येऊ नकोस. तुझं तोंड पाहिलं तर मी काय बोलेन याचा भरवसा नाही.

भिंगरी

०

घर
२६ एप्रिल

प्रिय वन्सं,

स. न. वि. वि.

तुमच्या भावाच्या वतीने लिहीत नाही, ते घरात नाहीत. माझ्या वतीने लिहिते आहे. मी तुमच्यावर आणि त्यांच्यावर सारखीच चिडले आहे. बहीण-भाऊ एकमेकांवर जीव टाकता म्हणे, आणि सात वर्षांत एकाही पत्रात दुसऱ्याला धड काही सांगितलं नाहीत.

तुमचं पत्र काल दुपारी आलं. त्यांनी ते उभ्या उभ्या वाचलं. मला वाटलं आता तोफ सुटणार. सुटली नाही. कपाटावरची फाईल काढली, तुमची मूळ पत्रं लावून ठेवलेली. त्यातलं ते एक पत्र काढलं आणि खिडकीशी घेऊन बसले. चहा ठेवला तो निवून साय धरली. मी आत चार वेळा डोकावले, चारी वेळा तेच पत्र हातात. शेवटी मी जाऊन म्हटलं की काय वाचताय एवढं, पाठ होईल. तेव्हा त्यांनी मला विचारलं की मार्चमध्ये मी आंधळा झालो होतो का. मी म्हटलं मार्चमध्ये काही वेगळं नाही, नेहमीचेच होतात. मी चिडून बोलले, आता वाईट वाटतं.

संध्याकाळी पिशवी भरली. दात काढायला गेले तरी दोन दिवस आधी तयारी करणारा माणूस, यांना बस कुठून सुटते तेसुद्धा मला सांगावं लागलं. फाईल स्वेटरमध्ये गुंडाळून घेतली आहे. उद्यानाच्या मुख्य कचेरीच्या गावी जातो एवढंच म्हणाले. तुमच्याकडे येतील असं वाटत नाही, कारण तुम्ही तोंड दाखवू नकोस लिहिलंत ते वाक्य त्यांनी दोनदा वाचून दाखवलं.

ते तिकडे खोटं बोलतील असं मला वाटत नाही. तेवढं त्यांना जमत नाही हो. चुकून लेखात पाच माणसांऐवजी सहा छापलं गेलं तरी यांना जेवण जात नाही. मग तो बिचारा चौकीवाला कसा सुटणार, मला काही कळत नाही.

एक सांगते आणि संपवते. माझ्याकडून तरी यापुढे लपवाछपवी नको. ताप आला की ताप आला लिहा. आम्ही इथे रडू, चिडू, फोन करू, तो आमचा प्रश्न.

लोभ आहेच, पण आज तो रागाच्या खाली दबला आहे.

तुमची,
वहिनी

०

मुख्य कचेरीजवळची खाणावळ
३० एप्रिल

चि. भिंगरीस,

आशीर्वाद.

काल सुनावणी झाली. निकाल पंधरा दिवसांनी कळेल. काय घडलं ते क्रमाने लिहितो.

ती ओळ मी घातली असं मी म्हटलं नाही. म्हणायची गरज पडली नाही. मी तुझं मूळ पत्र टेबलावर ठेवलं, माझ्या लाल खुणांसकट. त्यांनी ते वाचायला घेतलं आणि मी बाजूला उभा राहिलो. भिंगरे, ते पत्र मी मार्चमध्ये तीनदा वाचलं होतं. छापायला देण्यासाठी एकदा, तपासायला एकदा, कच्च्या छपाईशी ताडून पाहायला एकदा. तुझं पत्र आलं तेव्हा चौथ्यांदा वाचलं, आणि तेव्हा कुठे मला ते दिसलं.

वरती तारीख ३१ फेब्रुवारी आहे. मी टपालाच्या शिक्क्यावरून हिशेब करून ती ३ मार्च केली. करकोच्यांचा परिच्छेद तू दोनदा लिहिला आहेस, शब्द न् शब्द तोच. मी पुनरुक्ती म्हणून एक काढला. बावीस वर्षं नकाशे काढलेल्या बाईच्या ओळी पानाच्या उजव्या बाजूला खाली घसरत गेल्या आहेत आणि शेवटच्या दोन कागदाच्या बाहेर गेल्या आहेत. त्या मी अंदाजाने पुऱ्या केल्या. ‘तब्येत ठणठणीत’ एका पानात तीनदा आहे. मी दोन खोडले, एक ठेवला. आणि शेवटी तू विचारलं आहेस की बाबांना खोकल्याचं औषध दिलं का, त्यांना गार वाऱ्यात बसू देऊ नका. बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. शेवटचे दिवस उशाशी तूच बसली होतीस. मी त्या जागी ‘आईला’ केलं. घाईत लिहिलं असेल म्हटलं. लाल पेनाने, नीट, वर लहान अक्षरात.

माझी बहीण तापात बडबडत होती आणि मी ते व्यवस्थित करून छापायला दिलं.

अधिकारी पान उलटून पुन्हा पहिल्यावर आला. त्याने मला विचारलं की हे सगळं तुम्ही का काढलंत. मी म्हटलं ते माझं काम आहे. त्याने लेखनिकाला पत्राची नक्कल करून घ्यायला सांगितली. मला वाटतं त्याला पटलं.

बाहेर बाकावर चौकीवाला बसला होता. मी ओळख सांगितली, चहाचं विचारलं. तो नको म्हणाला. मी क्षमा मागितली. तो आवाज न चढवता म्हणाला की तुमच्या बहिणीने तुम्हाला खोटं लिहिलं, तुम्ही ते सुधारून जगाला सांगितलं, आणि सामान बांधून बसलो आम्ही. तो म्हणाला, तुमच्या घरात कुणी कुणाला खरं लिहीत नाही का. मला राग आला. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि आठवलं की मी दर पत्रात तुला काय लिहितो.

आई मजेत नाही, भिंगरे. दीड वर्ष झालं. तिला माणसं चटकन ओळखू येत नाहीत. सकाळी तुझ्या वहिनीला ती शेजारीण समजते, दुपारी ओळखते. तुझी पत्रं वाचली की विचारते, ही कोण मुलगी, हिला घर नाही का. तू हिंडणं सोडून येशील म्हणून लिहिलं नाही. येणार नाहीस अशीही भीती होती, म्हणूनही लिहिलं नाही.

तू तोंड दाखवू नकोस म्हणालीस. पुढे येत नाही, उद्याच्या बसने घरी परततो.

दादा

०

मुख्य फाटक
२४ मे

ती. दादास,

नमस्कार.

निकाल लागला. नोकरी राहिली, खोली राहिली. ताकीद मिळाली. तुझ्या त्या फाईलमुळे हे झालं, हे मी मान्य करते, आणि एवढं मान्य करून पुढे चिडणार आहे.

त्याला पाण्यावरून काढलं. आता तो मुख्य फाटकाशी तिकिटाच्या खिडकीत बसतो. खिडकी एवढीशी, बाहेरून फक्त त्याची हनुवटी आणि हात दिसतात. दोन्ही हात एकोणीस वर्षं वल्ह्यावर होते, आता तिकिटं फाडतात. गणवेशाला इस्त्री लागते. बायको म्हणते, घरी येऊन बोलत नाही, नुसता बूट पुसतो.

आणि येणारे लोक तुझं कात्रण घेऊन येतात. नीट घडी घातलेलं, कुणी प्लॅस्टिकमध्ये घातलेलं. खिडकीतून आत सरकवतात आणि विचारतात की हे घरटं कुठल्या बाजूला. पाहुण्यांना माहिती देणं हे त्या जागेवरचं काम आहे, भिंतीवर तशी पाटी लावली आहे. म्हणून तो सांगतो. दुभंगलेलं झाड, डावीकडचा फाटा. तुझीच वाक्यं, दादा, त्याला ती पाठ झाली आहेत. मी परवा सकाळभर तिथे उभी होते. नऊ जणांनी विचारलं, नवांना त्याने सांगितलं. अंडी गेल्यावर तो भाग यंदापुरता खुला केला आहे आणि सध्या बेटावर काड्यांखेरीज काही नाही, पण त्याच्या अंदाजाने जोडी पुढल्या हंगामात पुन्हा बघायला येईल. तोवर तो लेख कुठे जाणार आहे? माणूस खिडकीत बसला काय आणि चौकीत बसला काय, वाट तुझी उघडी आहे. तू त्याची नोकरी वाचवलीस आणि ज्यासाठी तो नोकरी करत होता ते मात्र आपण दोघांनी मिळून घालवलं. मी तुला तरी काय बोलणार, मला तर ते घरटं दिसलं तेव्हा कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवलं नव्हतं.

आता खरं लिहायचं ठरलं आहे तर लिहिते. ताप गेला पण अंगात जोर नाही. नऊ किलो वजन कमी झालं आहे. उजवा हात कापतो, हे अक्षर बघशीलच. होडीत बसायची मला आता भीती वाटते, आणि ही गोष्ट मी सात वर्षांत कुणाला म्हटलेली नाही. वाळूत वाट चुकले होते तेव्हाही भीती वाटली होती, तेव्हा तुला चांदण्याचं वर्णन लिहून पाठवलं.

आईबद्दल तू दीड वर्ष गप्प राहिलास, त्याबद्दल मी तुला एवढ्यात माफ करणार नाही. तू मला हिंडू दिलंस असं तुला वाटत असेल. तू मला एका अशा घराकडे पत्रं लिहू दिलीस जे आता तसं नव्हतं. जूनच्या दहा तारखेला मी येते आहे. आईसाठी येते आहे. तिने मला ओळखलं नाही तरी चालेल, मी ओळख करून देईन. बसथांब्यावर तू येऊ नकोस, वहिनीला पाठव.

लोभाचं समोरासमोर बघू.

भिंगरी

०

घर
३१ मे

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद.

थांब्यावर वहिनी येईल. मागची खोली रिकामी केली आहे, त्यातली माझी पुस्तकं बाहेर काढली. आई काल दिवसभर चांगली होती. आज नाही. मला तिने विचारलं की तुम्ही कोणत्या छापखान्यातून आलात.

तुझं पत्र घेऊन संपादकांकडे गेलो. चौतीस वर्षं मी तिथे आहे आणि माझ्या चुकीबद्दल एकदाही शुद्धिपत्र छापावं लागलेलं नाही, हे ते नव्या माणसांना मुद्दाम सांगतात. त्यांना म्हटलं, आता छापा. त्यांनी लेख काढून पाहिला आणि म्हणाले की यात चूक कुठे आहे, तुम्ही तर नकाशावर मोजलं होतंत. मी म्हटलं मोजण्यात घोटाळा झाला. त्यांचा विश्वास बसेना. मी तीनदा तेच सांगितलं. चौतीस वर्षांत त्यांच्याशी मी एवढं एकच खोटं बोललो, आणि घरी येईपर्यंत घाम फुटला होता. उजवीकडच्या फाट्याने गेलं की पाण्याची वाट फिरून तासाभरात पुन्हा फाटकाशी येते, हे तक्त्यावर पाहून घेतलं आहे, म्हणजे कुणी अडकणार नाही.

उद्याच्या अंकात पहिल्या पानावर, चौकटीत येईल. शंभर प्रती जास्त काढायला सांगितल्या आहेत, त्या चौकीवाल्याला खिडकीत ठेवण्यासाठी पाठवतो आहे. कुणी कात्रण दाखवलं की त्याने आपल्या तोंडाने काही बोलू नये, नुसता हा कागद पुढे करावा. मजकूर तुझ्यासाठी उतरवून देतो. यात काही बदलायचं असेल तर आता उशीर झाला आहे.

‘शुद्धिपत्र. आमच्या २३ मार्चच्या अंकातील “चौकीवरचे अकरा दिवस” या लेखात घरट्याचा मार्ग चुकीचा छापला गेला. दुभंगलेल्या झाडापासून डावीकडे नव्हे, उजवीकडे वळावे. मूळ पत्र लिहिणाऱ्या बाईंनी मार्गाविषयी काहीही लिहिले नव्हते. त्या वेळी त्या आजारी होत्या, आणि त्यांचे प्राण तेथील वनरक्षकाने वाचवले, हेही त्या लेखात यायला हवे होते. दोन्ही चुका मुद्रितशोधकाच्या आहेत.’

तुझा,
दादा